काम ‘झालं’ म्हणता येईपर्यंत

शुक्रवार होता, १० डिसेंबर २०२१. सकाळपासून टीमच्या चॅटवर एकच विषय होता: लॉगफोरजे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्यांना ही लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा कोड, नव्याने सांगायला नको. प्रोग्रॅम चालताना काय काय घडलं त्याच्या नोंदी लिहिणं, एवढंच तिचं काम. पण त्या नोंदीत बाहेरून कुणी ठरावीक साच्यातला मजकूर घुसवला, तर ती तो नुसता लिहून न ठेवता त्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत होती. लॉग-इनच्या चौकटीत नावाच्या जागी तो मजकूर टाकला तरी पुरत होतं. त्रुटींची तीव्रता मोजायच्या पट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले होते.

आमच्याकडे चाळीसच्या वर सर्व्हिसेस, म्हणजे वेगवेगळे चालणारे लहान प्रोग्रॅम, होत्या आणि मी टेक लीड, म्हणजे टीमची तांत्रिक प्रमुख, होते. कुठल्या सर्व्हिसमध्ये ही लायब्ररी थेट वापरली आहे आणि कुठे ती दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटातून आली आहे, हे हुडकण्यात रात्र गेली. शनिवारी उजाडता उजाडता २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती सगळीकडे चढवली आणि मी चॅटवर लिहिलं, ‘झालं.’ पुढच्या आठवड्यात कळलं की ती दुरुस्ती अपुरी आहे, २.१६.० आली आहे. पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा ‘झालं’. तो आठवडा संपतो न संपतो तोच २.१७.०. महिनाअखेरीला २.१७.१. तीन आठवड्यांत चार वेळा मी तोच शब्द लिहिला, आणि चौथ्या वेळी लिहिताना माझाच त्यावर विश्वास नव्हता.

ती लायब्ररी सांभाळणारी माणसं स्वयंसेवक होती. पोटापाण्याची कामं सांभाळून, जगभरातून येणाऱ्या तक्रारी झेलत ते दुरुस्त्या काढत होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही फक्त कृतज्ञता आहे. मी मोडले ती त्या त्रुटीमुळे नाही. तिने फक्त माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत हळूहळू काय होत गेलं होतं, ते तीन आठवड्यांत दाखवून दिलं.

मी २००८ साली कामाला लागले. जावा सहा, वेबपानांसाठी स्ट्रट्स आणि जेएसपी, कोड ठेवायला एसव्हीएन. पहिली दोन वर्षं एका हिशेबाच्या सिस्टीमच्या सपोर्टमध्ये गेली. तिथे नवं काही बांधायला मिळत नाही म्हणून तेव्हा मी कुरकुरत असे. पण त्या कामात एक गोष्ट होती, जिची किंमत मला फार उशिरा कळली. समोरचा माणूस फोनवर सांगायचा की अमुक अहवाल उघडत नाही. मी शोधायचे, दुरुस्त करायचे, त्याला परत फोन करायचे. तो तिकडे बटण दाबायचा, क्षणभर शांतता, मग ‘हां, आला!’ काम संपल्याचं कानांनी ऐकू यायचं.

मग मी उत्पादन बनवणाऱ्या कंपनीत गेले. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडणं, वर्षातून चारदा. रिलीजच्या आधीचे दोन आठवडे जीव मेटाकुटीला यायचा, पण रिलीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळे उशिरा यायचे आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. २०१४ मध्ये जावा आठ आली, त्याच सुमाराला जावात सर्व्हिस झटपट उभी करून देणाऱ्या स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली, एका मोठ्या प्रोग्रॅमचे लहान लहान तुकडे करायची लाट आली. आम्हीही केले. दिवसातून दहा-दहा वेळा डिप्लॉय करू लागलो, म्हणजे नवा कोड वापरात आणू लागलो. तांत्रिकदृष्ट्या हे चांगलंच होतं आणि मी आजही त्याच बाजूची आहे. लहान बदल चुकला तर चटकन मागे घेता येतो. तीन महिन्यांचं गाठोडं एकदम सोडलं की चूक सापडता सापडत नाही. पण त्या बदलात रिलीजचा दिवस गेला. दर दोन आठवड्यांनी कामाचा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, संपायचा आणि त्याच दुपारी पुढच्याचं प्लॅनिंग. बॅकलॉगमध्ये, म्हणजे साचलेल्या कामांच्या यादीत, मी टीममध्ये आले तेव्हा तीनशे टिकेटं होती, सोडलं तेव्हा अकराशे. मधल्या काळात आम्ही किती उपसली याला काही गणतीच नाही.

ऑन-कॉलची, म्हणजे अवेळी बिघाड झाला तर उठून बघायची, पाळी दर पाच आठवड्यांनी यायची. फोन उशाशी. रात्री तीन वाजता डिस्क भरल्याचा अलार्म, उठून जुन्या फाइली काढायच्या, परत आडवं व्हायचं, झोप येत नाही, नऊला स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक. पुढे पुढे पाळी नसलेल्या आठवड्यांतही मला तीनला जाग येऊ लागली. फोन वाजलेला नसायचा. मी अंधारात तो उचलून बघायचे आणि काहीच आलेलं नाही हे पाहून सुटकेऐवजी संशय वाटायचा, की अलार्मच बंद पडला की काय. रात्रीचं हे जागरण पगारातच धरलेलं असतं, असं आम्हाला सांगितलं जायचं. मला तो युक्तिवाद अन्यायाचा वाटतो. झोप ही कामाच्या वेळेबाहेरची गोष्ट आहे आणि ती घेतली तर त्याची वेगळी भरपाई, दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीसकट, व्हायला हवी.

२०१९ मध्ये एक प्रकल्प रखडला तेव्हा वरून चार माणसं आणखी दिली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरला माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. आयबीएममधल्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामातून त्यांनी ते शिकलं होतं. हिशेब साधा आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या दहा जोड्या होतात, नऊ जणांत छत्तीस. त्या छत्तीसांपैकी बहुतेक धागे माझ्यावरून जात होते. दिवसभर मी समजावत, जोडत, निरोप पोहोचवत असायचे आणि रात्री स्वतःचं काम. ठरलेली तारीख मात्र माझ्या हातात नव्हती. काय बनवायचं हेही नव्हतं. बिघडलं तर उत्तर द्यायला मी होते.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला सगळ्यात जड जातं.

२०२२ च्या जानेवारीत आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासून मंजूर करायची विनंती, पाठवली. बिलावरच्या बेरजेत छोटा बदल, बारा ओळी. मी त्या उघडल्या. पहिली ओळ वाचली. दुसरीकडे गेले आणि पहिलीत काय होतं ते आठवेना. परत वर. परत खाली. कर्सर लुकलुकत होता. शब्द कळत होते, वाक्य जुळत नव्हतं. असं वीस मिनिटं चाललं. त्या मुलाचा मेसेज आला, ‘ताई, घाई नाही, पण दुपारी डिप्लॉय करायचं होतं.’ मी ‘अप्रूव्ह’ दाबलं.

त्या बारा ओळींत त्याने पैशाच्या रकमेसाठी डबल हा आकड्यांचा प्रकार वापरला होता. डबलमध्ये दशांश अपूर्णांक नेमके बसत नाहीत, ०.१ मध्ये ०.२ मिळवले तर उत्तर ०.३ न येता पुढे पंधरा शून्यं सोडून एक ४ येतो. म्हणून पैशासाठी बिगडेसिमल हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार वापरायचा. टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे मी स्वतः फळ्यावर लिहून दाखवायचे, फक्त त्याच्या वेळी मला ते जमलं नव्हतं. चार दिवसांनी काही बिलांची बेरीज एकेका पैशाने चुकलेली सापडली. मीटिंगमध्ये सगळे त्या मुलाकडे बघत होते. मी म्हटलं, अप्रूव्ह मी केलंय, न वाचता केलंय. खोलीत कुणी काही बोललं नाही. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. थकवा आहे म्हणजे कामाचाच असणार, असं धरून चालू नका, म्हणाल्या. नैराश्यासाठीही त्यांनी बारकाईने प्रश्न विचारले, कारण कामाने आलेला थकवा आणि नैराश्य बाहेरून सारखी दिसतात आणि उपाय वेगळे असतात. ज्यांना हे वाचताना स्वतःचं काही ओळखीचं वाटतंय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा टप्पा गाळू नका. माझे अहवाल ठीक आले. मग त्यांनी विचारलं, “आठवड्याला किती तास काम करता?” मी मोजून सांगितलं, साठच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला निष्कर्ष त्यांनी सांगितला: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळतो. “सहा आठवडे सुट्टी घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि लॅपटॉप घरात ठेवू नका.”

पहिले दहा दिवस मी फक्त झोपले. नंतर वाचायला जमू लागलं तेव्हा बर्नआउटवरच, म्हणजे कामाने पार जळून जाण्यावर, वाचलं. हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या सेवाभावी कार्यकर्त्यांकडे पाहून. म्हणजे ही मनापासून काम करणाऱ्यांचीच गोष्ट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळला गेल्याने येणारी अवस्था असं म्हटलंय आणि त्याची तीन अंगं दिली आहेत: शक्ती निथळून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. ‘कामाच्या ठिकाणचा’ हे शब्द वाचून मी रडले. तोवर मी तो माझ्या स्वभावाचा दोष समजत होते.

त्याहून जास्त उपयोग झाला तो क्रिस्टिना मास्लॅक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीचा. माणूस आणि काम यांचं जिथे जुळेनासं होतं अशा सहा जागा ते सांगतात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांची सोबत, न्याय, मूल्यं. मी एकेकीपुढे माझं काय ते लिहीत गेले. बोजा होताच, पण सहकारी चांगले होते, पगार बरा होता. ‘ताबा’ या शब्दापुढे मात्र मी दीड पान लिहिलं. तारीख दुसऱ्याची, स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, दुसऱ्याचा, जबाबदारी माझी. आणि कदर म्हणजे पगारवाढ असं मी समजत होते, तर माझ्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा ते फोनवरचं ‘हां, आला!’ येत होतं. मी बनवलेलं वापरणारा माणूस मी सात वर्षांत पाहिला नव्हता.

परत गेल्यावर मी ऑन-कॉलमधून सूट आणि एकाच उत्पादनाचं काम मागितलं. मला मॅनेजरची जागा देऊ केली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. पण त्यात आणखी धागे होते आणि कोड नव्हता. दोन महिने विचार करून मी राजीनामा दिला. उडी मारायच्या आधी नऊ महिन्यांचा खर्च बाजूला होता आणि नोकरीसोबत जाणारा आरोग्यविमा स्वतःच्या नावाने आधीच घेतला होता. हे दोन्ही नसतं तर मी उडी मारली नसती आणि कुणाला मार म्हणणारही नाही. नोटिशीच्या काळात हँडओव्हरची साठ पानं लिहिली. लिहिताना कळलं की कंपनीच्या किती गोष्टी फक्त माझ्या डोक्यात होत्या. तीन वाजता जाग यायचं तेही एक कारण असणार.

स्वतंत्र काम सुरू केल्यावर सगळं मार्गी लागलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

पहिलं मोठं काम मी ठोक रकमेत घेतलं. करारात एक ओळ होती, ‘आवश्यक ते अहवाल असावेत.’ आवश्यक म्हणजे किती, कुणाला, हे मी विचारलं नाही, कारण पहिलंच काम हातचं जाईल अशी भीती. सहा अहवालांच्या अंदाजावर दर दिला होता. तेविसावा अहवाल बनवताना मी रात्री दोन वाजता जागी होते आणि तीच ओळखीची अवस्था, ओळ वाचून ओळ न कळण्याची, परत आली होती. नोकरी सोडून पाच महिने झाले होते. यावेळी घाबरून गेले, कारण आता बोट दाखवायला कुणी वरिष्ठ नव्हता. तारीख मीच दिली होती, स्कोप मीच मोकळा सोडला होता. वर त्या क्लायंटने शेवटचं बिल तीस दिवसांऐवजी चौऱ्याहत्तर दिवसांनी चुकतं केलं.

त्या चौऱ्याहत्तर दिवसांत मी माझी कामाची पद्धत बदलली. आता कुठलंही काम दोन ते तीन आठवड्यांच्या तुकड्यांत घेते आणि प्रत्येक तुकड्यापुढे साध्या भाषेत लिहिते की काय दिसलं म्हणजे हे झालं समजायचं. ‘अहवाल असावेत’ असं नाही. ‘महिना निवडून बटण दाबल्यावर त्या महिन्याची यादी दहा सेकंदांत छापता येते’ असं. क्लायंटने स्वतः बसून ते करून पाहायचं आणि मान्यता लेखी द्यायची. मधे नवीन काही सुचलं तर त्याचा वेगळा तुकडा, वेगळा दर. तीस टक्के आगाऊ. सुरक्षेच्या अपडेटसाठी वेगळा मासिक करार, कारण लॉगफोरजेसारखं पुन्हा काहीतरी येणारच आणि ते काम कधीच संपत नाही. जे संपत नाही ते संपणाऱ्या कामात मिसळायचं नाही. रात्रीच्या फोनची हमी मी देत नाही. त्यापायी एक चांगला क्लायंट गेला. वाईट वाटलं, तरी ती अट मी काढली नाही.

दराचं गणितही तेव्हाच नीट मांडलं. बहुतेक जण वर्षाच्या पगाराला बावन्न आठवडे गुणिले चाळीस, म्हणजे २०८० तासांनी भागतात आणि तो दर सांगून मोकळे होतात. मी वर्षभर तास टिपून ठेवले. सुट्ट्या, आजारपण आणि रिकामे दिवस वजा जाता सेहेचाळीस आठवडे उरतात, आणि दिवसात बिल लावता येतील असे तास पाचच. बाकीचा वेळ प्रस्ताव, फोन, हिशेब, शिकणं यात जातो. ११५० तास. म्हणजे तो सोपा दर सांगणारा माणूस जवळजवळ निम्म्या मोबदल्यात काम करत असतो, आणि ती तूट तो रात्री जागून भरतो. स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या बर्नआउटचं मूळ मला तरी बऱ्याचदा या भागाकारात दिसतं.

एकटेपणाचं काय, असं विचारतात. तो आहे. माझा कोड दुसऱ्या कुणी वाचतच नाही, ही गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करायची. म्हणून मी एका जुन्या सहकारी मैत्रिणीला आठवड्याचे दोन तास रीतसर पैसे देऊन रिव्ह्यूला बसवते. फुकट करते म्हणाली होती, मी नाही म्हटलं. “अगं, हे असं का लिहिलंयस?” हे वाक्य ऐकलं की त्या दिवशी कामात जीव येतो.

गेल्या वर्षी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेचं काम आलं. नोंदींची जुनी सिस्टीम होती, ती हळू चालते अशी तक्रार. मी सर्व्हर बघायच्या आधी म्हटलं, नोंदी जिथे भरतात तिथे मला एक दिवस बसू द्या. नोंदी भरणाऱ्या बाई माझ्याहून वयाने मोठ्या. डाव्या हाताशी बाटल्यांचा रॅक, समोर स्क्रीन. त्या नमुन्याचा क्रमांक टाकायच्या आणि मग डाव्या हाताच्या करंगळीने टॅबची कळ दाबायच्या: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग निकालाचा आकडा. मधल्या चौकटी त्या कधीच भरत नसत. त्या दुसऱ्या विभागाच्या होत्या. दिवसाला साठ-सत्तर नमुने. कीबोर्डवरच्या टॅबच्या कळीवरचं अक्षर पुसून गुळगुळीत झालं होतं.

“हे सात वेळा दाबावं लागतं, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“सिस्टीमच तशी आहे ना,” त्या म्हणाल्या.

फॉर्ममधल्या चौकटींचा क्रम बदलणं हे वीस मिनिटांचं काम होतं. वेग वाढवायचं मूळ काम पुढे तीन आठवडे चाललं, डेटाबेसला दोन इंडेक्स लागले, एक जुनी क्वेरी नव्याने लिहावी लागली. पण त्या दिवशी दुपारी मी क्रमाचा बदल चढवला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी रॅकमधली पुढची बाटली उचलली, क्रमांक टाकला, टॅब दाबला. करंगळी सवयीने दुसऱ्यांदा खाली गेली आणि मधेच थांबली. कर्सर निकालाच्या चौकटीत उभा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

त्यांनी आकडा टाकला आणि पुढची बाटली उचलली.